नाकळीची यादी

आमच्या विद्यापीठातल्या मोठ्या व्याख्यानगृहात, शेवटच्या बाकाच्याही पाठीमागे, काचेची एक खोली आहे. खोली कसली, उभं कपाट म्हणा. त्यात एक खुर्ची, टेबलावर एक संगणक, आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्यांचं एक यंत्र आणि आमची नाकळी एवढंच मावतं. दार आत उघडतं, त्यामुळे कोणी आलं की तिला आधी उठून खुर्ची टेबलावर चढवावी लागते. गेली एकोणीस वर्षं ती तिथे बसते आहे. पडदा, दिवे, माईक, प्रोजेक्टर सगळं तिच्या बोटांखाली. कागदोपत्री ती तंत्रसहाय्यक आहे.

नाकळी हे तिचं खरं नाव नाही हे सांगायला नको. खरं नाव चांगलं आहे, चारचौघींत शोभेल असं, पण ते हजेरीपटाबाहेर कोणी वापरत नाही. मी परीक्षा विभागात कारकून आहे आणि तिची मैत्रीण आहे. एका माणसाची फजिती झाली आणि ती मला पहिल्या रांगेत नाही तरी मागच्या काचेतून बघायला मिळाली, म्हणून मी हे लिहायला बसले आहे. सूड ज्यांना वाईट वाटतो त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

तो माणूस म्हणजे गणिताचे विभागप्रमुख. पोरं त्यांना ‘कळलंना सर’ म्हणतात. दर दोन वाक्यांनंतर सर विचारतात, “कळलं ना?” आणि सगळा वर्ग पाढे म्हटल्यासारखा ओरडतो, “हो सर!” मग सर खूश, वर्ग मोकळा. आम्ही दोघी शिकत होतो तेव्हाही असंच होतं.

होय, आम्ही दोघी त्यांच्याच विद्यार्थिनी. चोवीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या वर्षाला, एकाच बाकावर. सरांची एक लाडकी सिद्धता होती, नऊ ओळींची. पिवळ्या पडलेल्या वहीतून ती ते फळ्यावर उतरवायचे आणि पुढचा अख्खा पेपर तिच्यावर उभा असायचा. त्या दिवशी पाचव्या ओळीवरून सहावी आली आणि माझी गाडी तिथेच रुतली. मी शेजारी बघितलं. तिचीही रुतली होती. मी हळूच म्हणाले, “तू विचार ना.” ती उठली आणि म्हणाली, “सर, ही सहावी ओळ नाही कळली.”

सरांनी खडू खाली ठेवला. “नाही कळली? अरे वा. आणखी कोणाला नाही कळली? हात वर करा.”

वर्गात ऐंशी पोरं होती. एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

“म्हणजे सगळ्यांना कळतं, ही एकटीच नाकळी!” सर म्हणाले, आणि वर्ग खो खो हसला. मीही हसले. हे लिहायला नको वाटतं, पण हसले.

तास संपेपर्यंत तिला उभं ठेवलं. त्यानंतर वर्षभर, वर्गात शिरलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “काय नाकळी, आज तरी कळलं का?” तोंडी परीक्षेत सरांनी तिला तीच ओळ विचारली. ती गप्प राहिली. नापास. पुढच्या वर्षी पुन्हा तेच सर, तीच ओळ, तीच नापास. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. मी मात्र पास झाले. नऊ ओळी जशाच्या तशा पाठ करून ओकले. कळल्या नव्हत्याच.

कॉलेज सुटल्यावर तिने आवाजाची यंत्रं दुरुस्त करायचा दोन वर्षांचा कोर्स केला. वर्षभर सभागृहांतून माईक लावत हिंडली. या कामात तिचा कान असा तयार झाला की नुसत्या घरघरीवरून कुठली वायर सैल आहे ते सांगेल. आईचं कानात घालायचं यंत्रसुद्धा ती घरीच उघडून साफ करते. मग इथे जागा निघाली आणि तिने अर्ज टाकला. मी वेड्यात काढलं. “अगं, जिथे अब्रू गेली तिथेच नोकरी?”

“तिथेच,” ती म्हणाली. “लांबून काय दिसणार?”

पहिल्या दिवशी सर वर्गात आले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “अहो बाई, माईक.” ओळखलंच नाही! ज्या पोरीचं सगळं पुढचं आयुष्य फळ्यावरच्या खडूसारखं पुसून टाकलं, तिचा चेहरासुद्धा लक्षात नाही. तेव्हापासून त्यांच्या कॉलरला माईक लावायचं काम तिचं. रोज दोनदा तिचा हात त्या माणसाच्या गळ्याशी जायचा आणि तरी तो माणूस जिवंत आहे, यावरून तिचा संयम किती ते बघा. मी असते तर वायर तरी आवळली असती.

तिच्या घरी ती आणि तिची आई. म्हातारी लेकीहून एक पाऊल पुढे. लेक दारात चप्पल काढते न काढते तोच विचारणार, “आहे का गं अजून तो?” “आहे.” “बरा आहे?” “ठणठणीत.” “असू दे, असू दे. धडधाकट माणसाला जास्त लागतं.” मग चहा. हा संवाद मी स्वतः कित्येकदा ऐकला आहे.

यंदाच्या जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. जसजशी तारीख जवळ येत होती तसतशी नाकळी चिडचिडी होत होती. इतकी वर्षं डूख धरून बसायचं आणि पाखरू शाल-श्रीफळ घेऊन उडून जायचं, असं व्हायची चिन्हं होती. तेवढ्यात आमच्याकडे ‘हातवर’ आलं.

खरं नाव काहीतरी लांबलचक आहे. सगळे त्याला हातवर म्हणतात, कारण त्यात हात वर करावा लागत नाही. शिक्षकाने प्रश्न विचारायचा, तो पर्यायांसकट पडद्यावर येतो, पोरांनी आपापल्या फोनवर अ, ब, क, ड यातलं एक दाबायचं आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर पट्ट्या उभ्या राहतात, इतक्यांनी हे म्हटलं, इतक्यांनी ते. कोणी काय दाबलं ते पडद्यावर दिसत नाही. पोरं विद्यापीठाच्या क्रमांकाने आत शिरतात, त्यामुळे नावं असतात, पण ती फक्त मागच्या काचेतल्या संगणकात. नाकळीने व्याख्यानगृहाच्या दारावर स्वतःच्या अक्षरात कागद लावला होता: ‘इथे कोणी काय उत्तर दिलं ते कोणालाही कळणार नाही. खात्री बाळगा.’ खाली सही, तंत्रसहाय्यक.

सरांनी आधी खूप थयथयाट केला. “वर्गात फोन? उद्या गाद्या आणतील!” पण डीन मॅडमचा हुकूम होता, प्रत्येक तासाला किमान तीन प्रश्न विचारायचे. सरांनी त्यातून आपली पळवाट काढली. तीनही प्रश्न एकच ठेवले. कळलं का? अ) हो. ब) नाही.

पहिल्या तासाला मी मुद्दाम तिच्या कपाटात जाऊन उभी राहिले. एकशे एकतीस पोरं. सरांनी ती नऊ ओळींची सिद्धताच घेतली होती. तिसऱ्या ओळीनंतर पहिला प्रश्न. हो अठ्ठ्याण्णव, नाही तेहेतीस. सरांच्या कपाळावर एक आठी. सहाव्या ओळीनंतर सरांनी सवयीने आधी तोंडाने विचारलं, “कळलं ना?” वर्गाने छप्पर उडवलं, “हो सर!” आणि पोरांचे अंगठे फोनवर फिरले.

हो नऊ. नाही एकशे बावीस.

लाल पट्टी अशी काही वर गेली की पडदा कमी पडतो की काय असं वाटलं. सर पडद्याकडे बघत राहिले, वर्ग सरांकडे. मी नाकळीकडे बघितलं. तिने खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या होत्या. “मला वाटत होतं मी एकटी,” ती म्हणाली. ती एकटी नव्हती हे मला चोवीस वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सर कपाटापाशी आले. खुर्ची टेबलावर चढली, दार उघडलं.

“बाई, त्या एकशे बावीस जणांची नावं काढून द्या.”

“सर, ते निनावी असतं. मी पोरांना शब्द दिलाय.”

“शब्द देणाऱ्या तुम्ही कोण? माझा वर्ग आहे. माझ्या वर्गात माझी टिंगल करणारे कोण ते मला कळायला नको? महिन्याभरात तोंडी परीक्षा आहे. एकेकाला विचारतो बरोबर, काय कळलं नाही ते.”

हे त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं. ज्या बाईला त्यांनी त्याच तोंडी परीक्षेत दोनदा बुडवलं, तिच्या तोंडावर! नाकळी थंडपणे म्हणाली, “लेखी द्या सर. वरून मंजुरी आणा. मग देते.”

तिला वाटलं, असलं कोणी लेखी देत नाही. पण मस्ती चढली की माणूस लेखीसुद्धा देतो. सरांनी विभागाच्या कागदावर खरंच लिहून दिलं: ‘वर्गात “नाही कळलं” असे म्हणणाऱ्यांची संपूर्ण यादी परीक्षा विभागामार्फत माझ्याकडे गोपनीयरीत्या सादर करावी, जेणेकरून तोंडी परीक्षेत त्यांची योग्य ती दखल घेता येईल.’ डीन मॅडमनी न वाचता ‘हरकत नाही’ लिहून सही ठोकली. त्या सगळ्यावरच हरकत नाही लिहितात. मुदत पुढच्या सोमवारची.

आता गळ्याशी आलं. यादी गेली तर एकशे बावीस पोरांचं वर्ष त्या माणसाच्या मुठीत. तोंडीत नापास म्हणजे सगळ्यात नापास, हा आमचा नियम आहे; मी परीक्षा विभागात आहे, मला पाठ आहे. यादी दिली नाही तर नाकळीवर शिस्तभंग, आणि तिच्या जागी कोणीतरी येऊन यादी काढून देणारच.

“पुसून टाक,” मी म्हणाले. “म्हणावं, यंत्र बिघडलं.”

“माझं यंत्र बिघडत नाही,” ती म्हणाली. तिला ते जिव्हारी लागलं. “आणि पळून कशाला जाऊ? एकदा गेले तेवढं पुरे.”

त्याच आठवड्यात सरांनी दुसऱ्या तुकडीला तीच सिद्धता शिकवली. पुन्हा तेच. पाचव्या ओळीपर्यंत निम्मी तरी हिरवी पट्टी, सहाव्याला सगळं लाल. एकाच जागी, दोन्हीकडे. नाकळीने घरी जाऊन कपाटाच्या तळातून आपली जुनी वही काढली. त्यात त्या दिवसाची तारीख आणि सहाव्या ओळीखाली पेन्सिलची रेघ. तीच ओळ, शब्दन् शब्द तीच. ती वही घेऊन ती गणित विभागात नुकत्याच लागलेल्या नवीन मॅडमकडे गेली, मला बरोबर घेऊन.

नवीन मॅडमनी वही पुढे ओढली. आधी पटकन वाचली, मग थांबल्या, मग कोरा कागद घेतला. आम्ही अर्धा तास समोर बसून होतो. शेवटी त्या म्हणाल्या, “अहो, यात एक अख्खी ओळ गळलीय. पाच आणि सहाच्या मध्ये. चांगली मोठी पायरी आहे. ती नसेल तर ही सहावी ओळ कोणालाच कळायची नाही. कळली असं जो म्हणतो, तो खोटं बोलतो.”

“हे सर वहीतून उतरवतात,” नाकळी म्हणाली.

“मग वहीत उतरवतानाच सुटली असणार. कधी कोणी विचारलं नाही का त्यांना?”

नाकळी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि नवीन मॅडम घाबरून पाणी आणायला गेल्या. “ओळ गळली होती,” ती मला म्हणाली. “माझ्या डोक्यात काही कमी नव्हतं गं. वहीत कमी होतं.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

त्यानंतर तिच्यातली चिडचिड एकदम गेली. असं शांत माणूस मी बघितलं की मला भीती वाटते.

सोमवारी, म्हणजे यादी द्यायच्या दिवशीच, विद्यापीठाची तपासणी करायला बाहेरून तीन माणसं येणार होती. हातवर कसं चालतं ते त्यांना दाखवायचं होतं आणि मान कळलंना सरांना होता, ज्येष्ठ म्हणून. वर्ग तोच एकशे एकतीस पोरांचा आणि दाखवायला सिद्धताही तीच लाडकी. शनिवारी सरांनी वर्गाला दम भरला. नाकळीने काचेतून ऐकलं आणि मला येऊन सांगितलं. “सोमवारी मला ब दिसता कामा नये. कोण काय दाबतो ती नावं माझ्याकडे येणार आहेत. कळलं ना?” हो सर.

पोरांनी दारावरचा कागद वाचला, मग काचेतल्या नाकळीकडे वळून बघितलं. ती त्यांच्याकडे बघत होती. एका मुलीने तर जाता जाता काचेवर टकटक करून विचारलं, “ताई, खरंच देणार नावं?” नाकळी म्हणाली, “सोमवारी सर सांगतील तसं दाबा. त्यानंतर पडद्यावर जे येईल ते मात्र नीट वाचून दाबा.”

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कपाटात शिरले. समोर पहिल्या रांगेत ती तीन माणसं, एक म्हातारे गृहस्थ, एक जाड चष्म्याच्या बाई, एक सतत लिहिणारे. शेजारी डीन मॅडम. सरांनी नवा सदरा घातला होता. नाकळीने त्यांच्या कॉलरला माईक लावला आणि सुरकुती सरळ केली. सर म्हणाले, “यादी झाली का बाई?” ती म्हणाली, “तास संपला की देते सर.”

सिद्धता सुरू झाली. सर फॉर्मात होते. एक, दोन, तीन. पाच. सहा. “कळलं ना?” हो सर! पडद्यावर प्रश्न आला. अंगठे फिरले. हिरवी पट्टी सरळ वर गेली. हो एकशे एकतीस, नाही शून्य.

सर पाहुण्यांकडे वळून असे हसले की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिणारे गृहस्थ लिहू लागले. डीन मॅडमनी मान डोलावली. आणि नाकळीने एक बटण दाबलं.

पडद्यावर दुसरा प्रश्न आला. सरांनी न विचारलेला.

‘पाचव्या ओळीवरून सहावी ओळ कशी आली? अ) मी फळ्यावर करून दाखवायला तयार आहे. ब) सरांनी करून दाखवावं.’

सर गोंधळले. “हे काय? बाई, हे कोणी…” पण चष्म्याच्या बाई म्हणाल्या, “वा, हा चांगला प्रश्न आहे. बघू या, बघू या.” एकशे एकतीस पोरांना कळलेली गोष्ट, त्यातला एक तरी उठेल, असं त्यांना वाटलं असणार. पोरांनी नीट वाचलं. मग पट्टी चढली.

अ शून्य. ब एकशे एकतीस.

आता काढा म्हणावं यादी! कोणाकोणाला नापास करणार? अख्ख्या वर्गाने, एकही न वगळता, आदराने, नम्रपणे, सरांनाच फळ्यावर बोलावलं होतं. चष्म्याच्या बाई हसून म्हणाल्या, “सर, मुलांचा आग्रह आहे. दाखवा ना.”

सर फळ्याकडे वळले. पाचवी ओळ पुन्हा लिहिली. सहावी तिच्याखाली लिहिली. मग दोन्हींच्या मधल्या जागेकडे बघत उभे राहिले. एक चिन्ह लिहिलं, पुसलं. टेबलावरची पिवळी वही उघडली, पान उलटलं, परत उलटलं. वहीत जे नव्हतं ते कुठून मिळणार? त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला मागून दिसत होता आणि मी तो डोळे भरून बघत होते. नऊ मिनिटं. नवीन मॅडमनी अर्ध्या तासात काढलेली पायरी सरांना तीस वर्षांत सापडली नव्हती, कारण त्यांनी ती कधी शोधलीच नव्हती.

वक्ता फळ्याकडे वळला की त्याचा माईक खाली घ्यायचा, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. नाहीतर खडूची करकर आणि माणसाचं पुटपुटणं सगळ्यांना ऐकू जातं. नाकळीचं बोट पट्टीवर होतं. तिने पट्टी खाली घेतली नाही. हळूहळू वर सरकवली.

आणि छतातल्या सगळ्या कर्ण्यांतून सरांचं पुटपुटणं आलं, स्वतःशीच केलेलं, पोरासारखं रडवेलं. “आम्हालाही अशीच दिली होती… आम्हाला कुठे कळली होती…”

एकशे एकतीस पोरांनी ऐकलं. पाहुण्यांनी ऐकलं. लिहिणाऱ्यांनी लिहायचं थांबवलं. म्हातारे गृहस्थ उठून मायेने म्हणाले, “राहू द्या सर, होतं असं कधी कधी.” त्या दयेने सर जे खचले ते टेबलाला धरून खालीच बसले. पोरांपैकी कोणी हसलं नाही. तेवढी ती आमच्या पिढीपेक्षा बरी. मला मात्र हसू आलं, पोटातून आलं, आणि मी ते तोंडावर हात ठेवून दाबलं. दया आली का म्हणून विचाराल तर नाही आली. नाकळीलाही नाही. तिने दिवे लावले, माईक बंद केला आणि वायर गुंडाळायला पुढे गेली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. डीन मॅडमनी स्वतःची सही असलेलं ते पत्र पहिल्यांदाच नीट वाचलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. यंदाची तोंडी परीक्षा नवीन मॅडम घेतील असं त्याच दुपारी ठरलं. तो आदेश मीच टाईप केला, एकही चूक न करता. सरांनी शिपायाबरोबर नाकळीला निरोप पाठवला, यादी राहू दे. नाकळीने उलट निरोप पाठवला, लेखी आदेश आहे, राहू देता येत नाही.

चार वाजता ती माझ्या टेबलाशी आली. यादी परीक्षा विभागामार्फत द्यायची होती, म्हणजे माझा शिक्का मारून. “अगं, आता पोरांची नावं कशाला?”

“पोरांची कुठे? आज सगळ्या पोरांनी हो दाबलंय. आजच्या आधीचं त्यांचं मी घेत नाही, शब्द दिलाय. आदेश वाच. ‘वर्गात नाही कळलं असे म्हणणाऱ्यांची संपूर्ण यादी.’ कुठला वर्ग, कुठलं वर्ष, काही लिहिलंय?”

मी वाचलं. वर्ष लिहिलेलं नव्हतं. मग तिने कागद माझ्यापुढे ठेवला. विभागाच्या नमुन्यात नीट टाईप केलेला तक्ता. अनुक्रमांक एक. त्यापुढे तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, दुसऱ्या वर्षाचा हजेरी क्रमांक आणि चोवीस वर्षांपूर्वीची तारीख.

“त्यांना हे नाव ओळखायचंसुद्धा नाही,” मी म्हणाले.

“नाही ओळखलं तर शेजारी उभी राहून सांगेन. मला घाई नाही.”

मी शिक्का उचलला. तेव्हा मला दिसलं की तक्ता तिथे संपत नव्हता. खाली अनुक्रमांक दोन होता. त्यापुढची जागा रिकामी होती.

“हे काय?” मी विचारलं, पण माझा आवाज मलाच कोणाचातरी वाटला.

“संपूर्ण यादी मागितलीय,” ती म्हणाली. “तू मला म्हणालीस, तू विचार. मी विचारलं.”

एकोणीस वर्षं रोज चार वाजता आम्ही एकत्र चहा घेतला. त्यात एकदाही तिने हा विषय काढला नव्हता. मला वाटायचं, विसरली. नाहीतर माफ केलं. किती सोयीचं वाटायचं मला ते. सरांच्या नावाने मी तिच्यापेक्षा मोठ्याने बोटं मोडली, तिच्यापेक्षा जास्त चरफडले, तिच्या म्हाताऱ्या आईच्या हो ला हो केलं, आणि ती सगळा वेळ ऐकत होती.

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“सरांच्या वर्गात हातवर आलं. तुझ्या टेबलावर कुठे होतं? इथे हात उघडच वर करावा लागतो, आणि तो तू करायचा होतास,” ती म्हणाली. रागाने नाही. तसं रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. “जबरदस्ती नाही. एकच नाव असलं तरी यादी पूर्ण आहे असा शिक्का तू मारू शकतेस. तुझ्या हातात आहे.”

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दोघी बघत होत्या. शिपाई चहाचे कप घेऊन दारात थांबला होता. मी शिक्का खाली ठेवला, पेन घेतलं आणि दोनपुढे माझं नाव लिहिलं, माहेरचं, त्या वर्षी हजेरीत होतं ते. हजेरी क्रमांक आठवेना. तिने तो न विचारता सांगितला.

मग तिने कागद उचलून शाई वाळेपर्यंत हातात धरला आणि म्हणाली, “शिक्का मार. मी स्वतः वर नेऊन देते.”